आउटबोर्ड इंजिन मध्येच बंद पडतं, थोड्या वेळाने पुन्हा लागतं

निळीहोडी
नमस्कार मंडळी. फायबरची लहान होडी आहे, मागे ४० एचपीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड. दोन सिलिंडर, कार्बोरेटरवालं, तेल पेट्रोलातच मिसळायचं, ५०:१ (पन्नास भाग पेट्रोलला एक भाग तेल). टाकी पुढच्या फळीखाली कायमची बसवलेली. इंजिन जुनं आहे, पण आजवर कुरकुर नव्हती.

आता नवीच खोड लागली आहे. गार असताना एका झटक्यात लागतं, सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं झकास चालतं, आणि मग चांगल्या वेगात असताना रेस पडते, दोन-चार गचके बसतात आणि बंद. पाच मिनिटं थांबलं की पुन्हा लागतं. त्यानंतर कधी तासभर काही होत नाही, कधी लगेच परत तेच. रोज होत नाही, हीच पंचाईत. धक्क्याला बांधून अर्धा तास चालवलं तर बंद पडायचं नाव नाही.

प्लग नवे टाकले. पेट्रोल ताजं आहे. इंजिनावरचा लहान फिल्टर स्वच्छ दिसतो. आता कार्बोरेटर उघडावा का?

दोनस्ट्रोक
कार्बोरेटर. डोळे मिटून सांगतो. उघडा, जेट साफ करा, विषय संपला.

जुनाफिटर
डोळे मिटून नको, उघडे ठेवूनच बघू.

मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल जायचं मुख्य बारीक भोक) तुंबला की इंजिन वेग घेतानाच कुंथतं, आणि दर वेळी कुंथतं. बारक्या रेसचा जेट तुंबला तर वेगात ठीक चालतं, पण रेस खाली आणली की मरतं. कार्बोरेटरच्या वाटीतला कचरा तरंगत येऊन मधूनच जेटवर बसतो, असंही होतं. पण ते नंतर बघायचं. चांगला चालणारा कार्बोरेटर उगाच उघडला की गॅस्केट फाटतं, फ्लोटची उंची बिघडते, आणि एका दोषाचे दोन होतात.

निळीहोडी, आधी मला हे सांगा. बंद पडतं म्हणजे नक्की कसं? दिव्याचं बटण दाबल्यासारखं गपकन, की धापा टाकत? गपकन मेलं तर बहुतेक वेळा करंट जातो. गचके खात, मध्येच सावरत मेलं तर पेट्रोल कमी पडतंय. आणि आवाज जड होत होत, कोणी मागून ओढून धरल्यागत थांबलं, तर पुन्हा चालू करू नका. ते तापून पिस्टन धरायला लागल्याचं लक्षण असू शकतं.

पुढच्या वेळी गचके सुरू झाले की पेट्रोलच्या पाईपवरचा रबरी फुगा (हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलायचा) हातात घ्या. चपटा होऊन आत ओढला गेलाय की नुसता सैल आहे? तिथेच चार-पाचदा दाबा आणि इंजिन सावरतं का बघा. चोक क्षणभर ओढून पाहा. मागची, इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची चिळकांडी नेहमीच्या जोरात आहे का तेही बघा.

आणि पंधरा-वीस मिनिटांनी तुम्ही कुठे असता? घड्याळ सांगू नका, पाणी कसं असतं ते सांगा.

वल्हेकरी
टाकीचा श्वास बघितला का? झाकणावरचा किंवा नळीतला हवेचा मार्ग बंद असेल तर पेट्रोल जाईल तसतशी टाकीत पोकळी होते, आणि पंधरा-वीस मिनिटांनी पंप ओढून ओढून थकतो. बंद पडल्यावर लगेच टाकीचं झाकण सैल करा. सुस्स आवाज करून हवा आत गेली तर चोर सापडला. थांबल्यावर पुन्हा लागतं तेही यात बसतं, तेवढ्या वेळात हवा हळूहळू आत शिरते. कायमच्या टाकीची श्वासाची नळी होडीच्या कडेला बाहेर निघते, तिच्या तोंडात मीठ साचतं, किडे घर करतात.

अवांतर : हे शोधकाम चालू असेतोवर वल्ही, नांगर आणि पुरेसा दोर होडीतच ठेवा. व्हीएचएफ रेडिओ असेल तर १६ नंबरचा चॅनेल चालू. लाइफ जॅकेट अंगात हवं, फळीखाली नको.

तारजोड
तापल्यावर बंद, गार झाल्यावर चालू. ही तर कॉइलची जन्मपत्रिका आहे! फ्लायव्हीलखालची चार्ज कॉइल, पल्सर किंवा सीडीआय (ठिणगीची वेळ आणि करंट सांभाळणारे भाग), यातलं काहीतरी तापलं की तुटतंय. आतली बारीक तार तापून लांबते, जोड सुटतो, गार झाली की पुन्हा चिकटते. मीटर लावला तर गार असताना रीडिंग अगदी पुस्तकाबरहुकूम येतं आणि माणूस फसतो.

निळीहोडी
सगळ्यांचे आभार. काल पुन्हा बाहेर काढली, बरोबर एक माणूस होता.

गपकन नाही मरत. धापा टाकतं, क्षणभर सावरतं, पुन्हा बसतं. फुगा चपटा नव्हता, पण कडकही नव्हता, सैल होता. गचके खाताना बरोबरच्या माणसाने दाबत ठेवला तर इंजिन सावरलं. चोक ओढल्यावरही उचल खाल्ली. चिळकांडी जोरात आहे, पाणी कोमट. टाकीचं झाकण उघडलं तर आवाज वगैरे काही नाही, श्वासाच्या नळीत फुंकर मारली, मोकळी आहे.

फिटरकाका, पाणी कसं असतं हे तुम्ही विचारलंत म्हणून लक्षात आलं. पंधरा-वीस मिनिटांत मी आडोशाच्या पाण्यातून बाहेर पडतो आणि लाटा सुरू होतात. काल वारा पडला होता, बाहेरही पाणी सपाट, तर बराच वेळ काही झालं नाही. वारा उठल्यावर सुरू झालं.

दोनस्ट्रोक
लाटांमुळे टाकीच्या तळाचा कचरा आणि पाणी ढवळून वर येतं. म्हणजे घाण पेट्रोल. पुन्हा कार्बोरेटरपाशीच आलो ना!

जुनाफिटर
ढवळण्याचा मुद्दा रास्त आहे. त्याचा निकाल फुकटात लागतो. टाकीच्या तळाचं पेट्रोल काचेच्या बरणीत काढा आणि ठेवून द्या. पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसेल. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल असेल तर ते थोडं पाणी स्वतःत मुरवून घेतं, पण मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात. असं पेट्रोल फेकायचंच, वरचं गाळून वापरायचं नाही, कारण इथेनॉल निघून गेल्यावर वरच्या पेट्रोलचा ऑक्टेनही घसरलेला असतो.

पण फुग्याने सांगितलेली गोष्ट जास्त मोलाची आहे. फुगा आत ओढला गेला असता तर अडथळा फुग्याच्या अलीकडे, म्हणजे टाकीकडे : बंद श्वास, टाकीतल्या नळीची जाळी, टाकीच्या तोंडाशी असलेली स्प्रिंगची झडप, किंवा पाईपचं आतलं अस्तर. हे अस्तर फार फसवं असतं. पाईप बाहेरून नवाकोरा दिसतो आणि आतलं अस्तर सुटून पडद्यासारखं मध्ये येतं. फुगा सैल राहतो म्हणजे एक तर पंप नीट ओढत नाही, नाहीतर कुठूनतरी हवा शिरते.

हवा शिरते तिथून पेट्रोल गळेलच असं नाही, हे पुष्कळांना पटत नाही. चालू इंजिन तो पाईप चोखत असतं. स्ट्रॉला बारीक भोक पडलं तर सरबत बाहेर सांडत नाही, नुसती हवा तोंडात येते.

तारजोड
एक शंका. फुगा दाबून सावरलं म्हणता, पण दाबायला, थांबायला, पुन्हा चालू करायला वेळ गेलाच की. तेवढ्यात कॉइल गार झाली नसेल कशावरून? श्रेय फुग्याला आणि काम थंड हवेचं, असं व्हायला नको.

जुनाफिटर
शंका एकदम बरोबर, आणि माझ्याकडे येणारे निम्मे लोक इथेच चुकतात. म्हणून फुगा मेल्यावर नाही, गचके खात असतानाच दाबायचा. कॉइल दोन-तीन सेकंदांत गार होत नाही, पेट्रोल मात्र तेवढ्यात पोचतं. यांनी चालू इंजिनावर दाबला आणि सावरलं, म्हणून पारडं पेट्रोलकडे झुकतं. पक्कं करायचं असेल तर मधल्या गॅपचा स्पार्क टेस्टर बरोबर ठेवा, आणि बंद पडल्या क्षणी, काही गार व्हायच्या आत, ठिणगी बघा. प्लग उघडा काढून हातात धरून ठिणगी बघायची सवय मोडा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, होडीच्या तळाशी जाऊन बसते, आणि तिथे तुम्ही ठिणगी पाडताय.

त्यानंतर एकच मोठी परीक्षा. हातात उचलायची वेगळी टाकी, वेगळा पाईप, वेगळा फुगा, स्वच्छ पेट्रोल. होडीची टाकी पूर्ण बाजूला. त्याच लाटांत न्या. गचके गेले तर दोष होडीत, राहिले तर दोष इंजिनाच्या टोपणाखाली. एका फेरीत अर्धं इंजिन संशयातून सुटतं.

नुसती टाकी बदलून पाईप जुनाच ठेवू नका, निकाल अर्धवट येईल.

खाडीकाठ
वाचतोय. माझ्याकडे अशाच तक्रारीवर ओळीने प्लग, कॉइल, पंप, कार्बोरेटर किट असं सगळं बदलून दिलं होतं एका कारागिराने. शेवटी किल स्विचची (इंजिन थांबवायच्या बटणाची) वायर सुकाणूपाशी घासून उघडी पडलेली निघाली. डावीकडे वळलं की बंद, सरळ झालं की चालू.

तारजोड
हे खाडीकाठ यांनी लिहिलंय ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. मॅग्नेटोवाल्या आउटबोर्डात थांबवायची वायर अर्थ झाली की करंट मरतो. म्हणजे ती वायर कुठेही उघडी पडून धातूला टेकली की इंजिन बंद, आणि बाकी सगळं ठणठणीत. वळताना, ट्रिम (इंजिनाचा तिरपेपणा) वर-खाली करताना किंवा ठराविक धक्क्यालाच बंद पडत असेल तर आधी वायरिंग हलवून बघावं. खात्री करायला ती वायर तात्पुरती सोडवतात, पण हे फक्त धक्क्याला बांधलेल्या होडीवर. वायर सुटली की चालवणाऱ्याच्या अंगाला बांधलेल्या दोरीचा लाल क्लिप ओढूनही इंजिन थांबणार नाही. चोक पूर्ण ओढून किंवा पेट्रोलचा पाईप काढून थांबवावं लागतं. तशी होडी पाण्यात बाहेर नेणं म्हणजे माणूस पाण्यात पडला तर पंखा फिरतच राहणार.

निळीहोडी
मोठी परीक्षा झाली. उसनी टाकी, तिच्यासोबतचाच नवा पाईप आणि फुगा. बाहेर लाटा चांगल्या होत्या.

गचके आले. कमी आले, पण आले. बंद पडल्यावर लगेच टेस्टर बघितला, दोन्ही सिलिंडरना ठिणगी जोरदार, निळी. बरणीतल्या पेट्रोलात पाण्याचा थर नाही, तळाशी थोडी धूळ, बस.

दोनस्ट्रोक
मग आता पंपाचं किट टाका. पडदा गेलाय. हे मात्र डोळे उघडे ठेवून सांगतोय.

जुनाफिटर
असू शकतं. टू-स्ट्रोकमध्ये हा पंप क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांवर चालतो, रबरी पडदा आत-बाहेर होतो. पडद्याला भोक पडलं तर पेट्रोल त्या ठोक्याच्या वाटेने थेट क्रँककेसमध्ये जातं, तो एक सिलिंडर जास्त पेट्रोल पिऊन ओला काळा होतो, धूर वाढतो. निळीहोडी, दोन्ही प्लग काढून शेजारी ठेवा. एक ओला आणि एक कोरडा असेल तर दोनस्ट्रोक जिंकले.

पण पडदा लाटा बघून फाटत नाही. पंप कमजोर असता तर सपाट पाण्यातही पूर्ण वेगात धाप लागली असती. लाट लागली की होतं, म्हणजे काहीतरी हलतंय.

आता क्षेत्र फार लहान राहिलं : इंजिनाच्या टोपणाला बाहेरून जिथे पाईप खटकन बसतो तो जोड, त्यामागचा आतला आखूड पाईप, फिल्टरची वाटी आणि पंप. पेट्रोल सहन करणाऱ्या पारदर्शक पाईपचा वीतभर तुकडा मिळवा. तो फिल्टर आणि पंपाच्या मधे लावा. आणखी एक तुकडा बाहेर, जोडाच्या आधी. जोड आणि फिल्टरमधला जुना तुकडा आहे तसाच ठेवा. तो बदललात तर कदाचित दोषच निघून जाईल आणि काय होतं ते कधी कळणार नाही.

मग धक्क्याला बांधून, टोपण काढून इंजिन चालवा. बाह्या वर, लांब केस असतील तर बांधून, फ्लायव्हीलपासून हात लांब. सुरुवातीचे एक-दोन बुडबुडे सोडून द्या. नंतर बाहेरचा पाईप हलवा, ओढा, वाकवा, लाट करते तसं. कुठल्या तुकड्यात बुडबुडे दिसतात ते बघा. पारदर्शक पाईप फक्त तपासणीपुरता, तो तिथे राहू देऊ नका, उन्हाने आणि पेट्रोलने कडक होऊन तडकतो.

आणि तोवर फुगा दाबत दाबत पूर्ण वेगात जाऊ नका. तुमचं तेल पेट्रोलातूनच जातं. पेट्रोल कमी म्हणजे मिश्रण पातळ (हवा जास्त) आणि तेलही कमी, दोन्ही एकदम. इंजिन चालतंय असं वाटतं आणि आत पिस्टनवर ओरखडे पडत असतात.

वल्हेकरी
+१. हे शेवटचं ठळक अक्षरात छापा.

निळीहोडी
सापडलं!

प्लग दोन्ही सारखेच, कोरडे, जरा फिकट. म्हणजे पडदा नाही. मग फिटरकाकांनी सांगितलं तसे दोन तुकडे लावले. नुसतं चालवलं तर दोन्ही पाईप स्वच्छ, सोनेरी पेट्रोल भरून वाहतंय. बाहेरचा पाईप बाजूला ओढल्याबरोबर आतल्या तुकड्यात बारीक बुडबुड्यांची माळ सुरू. सोडला की बंद. पुन्हा ओढला, पुन्हा माळ. बाहेरच्या तुकड्यात एकही बुडबुडा नाही. ओढून धरला आणि रेस वाढवली तर थोड्याच वेळात तेच ओळखीचे गचके!

इंजिन थांबवून जोड उघडला. जोड टोपणाच्या पत्र्याला ज्या बोल्टने धरलेला असतो तो सैल, हाताने फिरतोय. त्यामुळे बाहेरचा पाईप हलला की अख्खा जोड हलायचा. त्यामागचा आखूड पाईप लाकडासारखा कडक झालाय. क्लिप काढली तर तिच्या खालीच, धातूच्या दांडीवर जिथे पाईप चढतो तिथे, नखाएवढी आडवी चीर. पाईप सरळ असताना चीर मिटलेली दिसतच नव्हती, वाकवला की तोंड उघडते. फुगा दाबून गळती शोधली तेव्हाही म्हणूनच काही दिसलं नव्हतं. धक्क्याला अर्धा तास न कुरकुरता का चालायचं तेही कळलं.

आतला पाईप नवा टाकला, इंजिनासाठीचाच, क्लिपा नव्या, बोल्ट आवळला. बाहेरच्या पाईपला थोडी ढील दिली, जेणेकरून इंजिन पूर्ण वळलं तरी ताण येणार नाही. आज लाटांत पूर्ण वेगात फिरवून आलो, काही नाही. फुगा कडक.

जुनाफिटर
उत्तम. आता त्याच वयाचे आतले बाकीचे पाईपही हाताने वाकवून बघा, पंपापासून कार्बोरेटरपर्यंतचे. एक तडकला म्हणजे भावंडं मागे असणार. पंपाच्या पुढच्या पाईपला चीर गेली तर तिथे दाब असतो, हवा शिरणार नाही, पेट्रोल टोपणाखाली उडेल. ते इंजिन बंद पडण्यापेक्षा वाईट.

दोनस्ट्रोक
अभिनंदन. कार्बोरेटर तरीही एकदा साफ करून घ्याच ;)

भरतीओहोटी
याच धाग्यात विचारतो. माझं ६० एचपीचं फोर-स्ट्रोक, इंजेक्शनवालं. वेगात काही त्रास नाही. धक्क्याजवळ रेस खाली आणून गिअर टाकला की कधीतरी गपकन बंद. मीटरची लाईटही क्षणभर जाते. चावी फिरवली की लगेच लागतं. इथेही हवा शिरत असेल का?

तारजोड
मीटरची लाईट जाते हे तुम्ही शेवटी लिहिलंत, माझ्यासाठी तेच पहिलं आहे. पेट्रोल कमी पडलं तर लाईट जात नाही. इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोलचा पंप, इंजेक्टर आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) सगळे विजेवर जगतात. गिअर टाकताना इंजिनाला हलका झटका बसतो आणि रेस खाली असल्याने चार्जिंगही कमी, अशा वेळी सैल जोड उघडा पडतो.

बॅटरीच्या टर्मिनलला हाताने फिरवायचे पंखवाले नट आहेत का? असतील तर ते काढून साधे नट आणि लॉक वॉशर लावा, पान्याने आवळा. मग बॅटरीची निगेटिव्ह केबल इंजिनाच्या ब्लॉकला जिथे लागते तो बोल्ट काढून घासून स्वच्छ करा. खारं पाणी केबलच्या आवरणाखाली शिरून तांबं हिरवं करतं, बाहेरून कळत नाही, म्हणून केबल टोकाशी दाबून बघा, कुरकुरीत लागली तर बदला. मुख्य फ्यूजची बैठक आणि चावीचा स्विचही हलवून बघा.

जुनाफिटर
तारजोड यांच्याशी सहमत. फक्त आधी पंख्याच्या मागे दोर किंवा जाळ्याचा तुकडा गुंडाळला नाही ना हे इंजिन वर उचलून, चावी काढून, बघून घ्या. गिअर टाकताना इंजिन मरायचं तेही एक कारण आहे. लाईट जाण्याशी त्याचा संबंध नाही, पण बघायला मिनिटही लागत नाही.

भरतीओहोटी
पंखवालेच नट आहेत. एक हाताने अर्धा फेरा फिरला. पंखा स्वच्छ. ब्लॉकवरचा बोल्ट उद्या उघडतो आणि लिहितो.